शनिवारचा तिसरा डाव

मुलींच्या हायस्कूलमध्ये उपक्रम सप्ताहात काय चालते, असे कुणी विचारले की मी एकच दृश्य सांगत असे. सकाळी भरतनाट्यमसाठी मेकअप केलेली मुलगी दुपारी गोळाफेकीच्या वर्तुळात उभी असते. काजळ गालापर्यंत ओघळलेले असते, पण ते पुसता येत नाही, कारण संध्याकाळी तिचा नाच पुन्हा आहे. गोळा मात्र ती चांगला फेकते.

या कामाला शाळेच्या कागदावर सहशालेय उपक्रम प्रमुख असे भारदस्त नाव होते. मुली मला ‘प्रोग्राम मिस’ म्हणत. त्याआधी मी एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या बंगळुरू कचेरीत उपसंपादक होते. ती नोकरी सुटली, शाळेची मिळाली आणि निवृत्तीपर्यंत टिकली. दोन्ही कामांत फारसा फरक नाही. जागा कमी, मजकूर जास्त आणि प्रत्येकाला वाटते की आपलीच बातमी पहिल्या पानावर यावी.

डिसेंबरातला हा आठवडा कागदावर नीट बसतो आणि मैदानावर विस्कटतो. एका वर्षी आठवीच्या मुलींनी सकाळभर खपून व्हरांड्यात काढलेल्या रांगोळीवरून संचलनाची आख्खी तुकडी ताठ मानेने चालत गेली. खाली बघायचे नाही, असे त्यांना बजावलेले होते. एका वर्षी विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखी वेळेआधी फुटला आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या धोतरावर लाल रंग उडाला. वादविवाद स्पर्धेनंतर एक वडील निकाल बदलून मागायला आले. त्यांचे म्हणणे सरळ होते: बाकीच्या मुली थांबत थांबत बोलल्या, माझी एकदाही थांबली नाही. परीक्षकांनी त्यांना समजावले. त्यांना पटले नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनाच परीक्षक म्हणून बोलावले, तेव्हापासून तक्रार बंद झाली.

असे प्रसंग सांगायला बरे असतात. पण या नोकरीतला मला वारंवार आठवणारा आठवडा निराळा आहे. त्यात काही फुटले नाही, कुणी चुकले नाही. ज्याने त्याने आपले काम नीट केले.

तो आठवडा पवित्रा जाधवचा.

पवित्रा दहावीत होती. वडील यशवंतपूरच्या घाऊक बाजारात कांद्याच्या एका दुकानी कारकून. घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. आमच्यासारखीच त्यांचीही मराठी उंबऱ्याच्या आतली, आणि तीही निम्मी कन्नड. पुण्याहून पाहुणे आले की आमचे बोलणे ऐकून हसतात, त्यातली. शाळेत सगळा कारभार कन्नड आणि इंग्रजीत चाले. पवित्रा चारचौघांत माझ्याशी कन्नडमध्ये बोले. काही मागायचे असेल तेव्हा मराठीत.

ती थ्रोबॉल खेळत असे. महाराष्ट्रात हा खेळ तितकासा दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. जाळी व्हॉलीबॉलसारखी असते, पण चेंडू मारायचा नसतो. पलीकडून आलेला चेंडू दोन्ही हातांनी झेलायचा आणि फार वेळ न धरता खांद्यावरून एका हाताने परत फेकायचा. झेलताना चेंडू अंगाला लागता कामा नये. छातीला, पोटाला, दंडाला पुसटसा स्पर्श झाला तरी गुण समोरच्यांचा. नवख्या मुली चेंडू छातीशी कवटाळतात, कारण चेंडू सुटेल ही भीती असते. ती भीती गेली की मुलगी खेळाडू होते. पवित्राची सहावीतच गेली होती. आमच्या खेळाच्या शिक्षिका शारदा मिस सांगत, हिने झेललेल्या चेंडूचा आवाज येत नाही. अंगाला लागलेला चेंडू बोलतो.

शाळेचा नियम असा होता की दहावीच्या मुलींनी उपक्रम सप्ताहात खेळायचे नाही. हा नियम मुख्याध्यापिकांनी केला होता आणि त्याला कारण होते. काही वर्षांपूर्वी कबड्डीत एका मुलीचे मनगट मोडले आणि तिला बोर्डाची परीक्षा लेखनिक घेऊन द्यावी लागली. तिच्या आईने त्यांच्या खोलीत बसून जे सुनावले, ते त्या विसरल्या नाहीत. मात्र मुलींचा हिरमोड होऊ नये म्हणून एक प्रथा पडली होती: सगळ्या सामन्यांच्या पंच दहावीच्या मुली. त्यांना पांढरी टोपी आणि शिट्टी मिळे. पाहुण्यांना याचे फार कौतुक वाटे.

दहावीला खेळायला मिळे असा एकच सामना होता. शनिवारी, शेवटच्या दिवशी, शिक्षिका विरुद्ध दहावी. तो मैत्रीचा सामना. पंधरा गुणांचा डाव, तीनपैकी दोन जिंकायचे, आणि चौदा-चौदा झाले तर पुढच्या गुणावर निकाल. इथेही एक न लिहिलेली प्रथा होती. पहिला डाव मुली जिंकत. दुसरा त्या मिसना देत. गणिताच्या मिसने चेंडू फेकला की दोन मुली एकमेकींकडे पाहत उभ्या राहत आणि चेंडू मधे पडे. मग तिसरा डाव खराखुरा होई. दर वर्षी असेच चाले आणि ते सगळ्यांना माहीत होते, मिसनासुद्धा.

त्या सोमवारी मधल्या सुट्टीत पवित्राने मला जिन्यात गाठले.

“मिस, स्वल्प बोलायचं होतं.”

शहरातल्या एका कॉलेजच्या थ्रोबॉल प्रशिक्षक शुक्रवारचा अंतिम सामना बघायला येणार आहेत, असे तिला शारदा मिसकडून कळले होते. त्या कॉलेजची टीम राज्यभर खेळते. मुलगी आवडली तर त्या स्वतः तिला अकरावीसाठी बोलावून घेतात, वसतिगृहात ठेवतात.

“मला एक डाव मिळेल का?” पवित्रा म्हणाली. “एकच.”

“दहावीला नाही मिळत. तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे मिस. म्हणून तर मराठीत विचारतेय.”

मी घरी काय म्हणतात ते विचारले. वडिलांचे, अप्पांचे म्हणणे तिने जसेच्या तसे सांगितले. त्यांनी बोलावले तर पाठवतो, आपण दारात जाऊन उभे राहायचे नाही. नाहीतर यशवंतपुरातच, घरामागच्या कॉलेजात कॉमर्स. त्या कॉलेजला मैदान नाही, हे तिने न विचारता सांगितले.

त्याच दुपारी मी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्या कडक होत्या, पण बोलणे पूर्ण ऐकून घेणाऱ्या होत्या. शुक्रवारचा सामना नाही, असे त्यांनी सांगितले. एकीला सूट दिली की उद्या दहा जणी दारात. मग थोडा विचार करून म्हणाल्या, शनिवारचा आहे ना, तो खेळू दे. आमच्या फेकीने कुणाचा हात मोडणार नाही. त्या प्रशिक्षक बाईंना शनिवारी यायला सांगा.

मी फोन केला. बाई शनिवारी यायला तयार झाल्या. पवित्राला सांगितले तेव्हा ती फक्त “सरी मिस”, म्हणजे ठीक आहे, एवढेच म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेली.

शाळेतल्या प्रत्येक वर्गाच्या मुली रंगांच्या गटांत वाटलेल्या असत. शुक्रवारचा अंतिम सामना लाल आणि निळ्या गटात झाला. पवित्रा स्वतः लाल गटातली. तिने पंच व्हावे का, असा प्रश्न आला, पण नियम इतके पाठ असलेली दुसरी कुणी नव्हती. निळ्या गटाच्या मुलींनीच सांगितले, पवित्रा अक्का असेल तर आमची हरकत नाही. लाल गटाची कप्तान सौम्या नववीतली, पवित्रानेच तयार केलेली. शेवटच्या डावात शेवटच्या गुणावर सौम्याने एक अवघड चेंडू वाकून झेलला आणि असा परत फेकला की निळ्या मुलींना हलूही न देता तो कोपऱ्यात पडला. लाल गट मैदानात धावत आला. शिट्टी त्यानंतर कानावर आली. पवित्राचा हात निळ्या बाजूकडे होता.

सौम्या तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. “अक्का, तू आमची की त्यांची?”

पंचाने वाद घालायचा नसतो. पवित्राने हात तसाच ठेवला आणि लाल गट हरला. नंतर नळावर तोंड धुताना सौम्याने मैत्रिणींजवळ कबूल केले की चेंडू दंडाला लागला होता. पण आमच्यापैकी कुणालाही तो लागलेला दिसला नव्हता.

मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना मी इतके खूश झालेले पाहिले नव्हते. शाळेच्या भिंतींवर प्रामाणिकपणाची वचने लावलेली होती, ती रोज वाचून कुणाला काही झाल्याचे त्यांच्या ऐकिवात नव्हते. आज डोळ्यांसमोर घडले होते.

शनिवारी सकाळच्या परिपाठात त्यांनी माईक स्वतःकडे घेतला. पवित्राला पुढे बोलावले, आदल्या दिवशी काय झाले ते सगळ्या शाळेला सांगितले आणि शेवटी म्हणाल्या की या सामन्यात आम्ही सगळ्या मिस नेहमी भांडतो, म्हणून आजची पंच पवित्राच. आम्हाला तिच्यावर विश्वास आहे. सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. पवित्रा त्यांच्या शेजारी उभी होती. तिने मान लववून नमस्कार केला. दुसरे काय करणार होती?

परिपाठ संपताच मी त्यांच्या खोलीत गेले. प्रशिक्षक बाई पवित्राचा खेळ बघायला येत आहेत, याची आठवण दिली. त्या विसरल्या नव्हत्या. मैदानाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मुलगी उभी राहील, याहून चांगले काय दिसणार, असे त्यांना मनापासून वाटत होते. खेळणारी मुलगी आणि पंच म्हणून उभी असलेली मुलगी यांत प्रशिक्षकाला काय फरक असतो, हे मी सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला. पण हजारभर मुलींसमोर दिलेला मान तासाभरात काढून कसा घेणार? शेवटी तोडगा निघाला. पहिले दोन डाव पवित्रा पंच. तिसऱ्या डावात शिट्टी शारदा मिसकडे आणि पवित्रा दहावीच्या संघात.

तोडगा चांगला होता. तिसरा डाव दर वर्षी होतच असे. मी पवित्राला जाऊन सांगितले. ती म्हणाली, मग मी बूट घालूनच उभी राहते.

प्रशिक्षक बाई आल्या. पन्नाशीच्या, बारीक, उन्हाने रापलेल्या. त्यांना खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. जाळीच्या खांबापाशी उभ्या राहिल्या. तिसऱ्या डावापर्यंत थांबा, असे मी त्यांना सांगितले. त्या हो म्हणाल्या. पुढे व्हाइटफील्डच्या एका शाळेत जायचे होते आणि त्या रस्त्याचा भरवसा नव्हता, तरीही हो म्हणाल्या.

मुलींनी पहिला डाव जिंकला. इथवर सगळे ठरल्याप्रमाणे होते.

दुसरा डाव सुरू झाला आणि काहीतरी वेगळे चालले आहे हे लक्षात आले. मुली डाव देत नव्हत्या. गणिताच्या मिसच्या सर्व्हिसवर कुणी एकमेकींकडे पाहत उभी राहिली नाही. दोघी-तिघी तुटून पडत होत्या. कारण साधे होते. खांबापाशी कोण उभे आहे ते त्यांनाही कळले होते. पवित्रा सोडून संघात सात जणी होत्या आणि सातही जणींना त्या बाईंनी आपल्याला पाहावे असे वाटत होते. कुणाला दोष देणार?

मिसही इरेला पेटल्या. दर वर्षी मिळणारा डाव या वर्षी मागूनही मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी पदर खोचले. विज्ञानाच्या मिसने चपला काढून फेकल्या. मुलींचा आरडाओरडा, मिसची कन्नडमधली एकमेकींना दटावणी, आणि या सगळ्यात पवित्रा जाळीच्या मध्यरेषेपाशी, टोपी नीट, शिट्टी ओठांत. तिच्याकडे पाहून काहीच कळत नव्हते. तिने मैत्रिणींना एक खूण केली असती तर हा डाव सोडायला हवा, हे त्यांच्या लक्षात आले असते. पंचाने कोणत्याही बाजूशी बोलायचे नसते. तिने पुढच्या सर्व्हिसची शिट्टी दिली.

चौदा-चौदा झाले.

पुढचा गुण मिसनी घेतला की तिसरा डाव. शारदा मिस शिट्टी घ्यायला उठूनही उभ्या राहिल्या होत्या. मुलींनी चेंडू उंच टाकला. गणिताच्या मिस मागे सरकत सरकत गेल्या, चेंडू झेलला, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांनी तो असा फेकला की मुलींच्या बाजूला मोकळ्या जागेत पडला. सगळे मैदान उठले. मुख्याध्यापिका टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या.

शिट्टी वाजली. पवित्राचा हात मुलींच्या बाजूकडे होता.

झेलताना चेंडू अंगाला लागला होता. सामना संपला.

गणिताच्या मिस हसत हसत आल्या आणि या मुलीपुढे देवाचेही चालायचे नाही, असे म्हणून पवित्राच्या पाठीवर थाप मारून गेल्या. दहावीच्या मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. दोन्ही डाव जिंकून मिसना हरवण्याची शाळेत ही पहिलीच वेळ होती. तिसरा डाव राहिला, हे त्या गर्दीत कुणाच्या मनात आले नसावे.

मी प्रशिक्षक बाईंना गाठले. आणखी एक डाव खेळवते, असे म्हणाले. त्यांनी घड्याळ दाखवले. रिक्षा फाटकापाशी थांबली होती. दहावीच्या संघातल्या दोघींची त्यांनी चौकशी केली. दोघी चांगल्या खेळल्या होत्या, त्यांची नावे मी सांगितली. मग मी म्हणाले की त्या दोघींपेक्षा पंच होती ती मुलगी चांगली खेळते.

“मिस, प्रत्येक शाळेत मला असं कुणीतरी सांगतं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता. “मी डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीचंच नाव देऊ शकते. मात्र पंच म्हणून ती पक्की आहे. अठरा पूर्ण झाली की तिला पंचांच्या परीक्षेला बसवा. माझं नाव सांगा.”

आणि त्या गेल्या.

पुढचे थोडक्यात असे. त्या दोघींना कॉलेजने बोलावले. एक पाच-सहा महिन्यांत घरी परतली, दुसरी अजून खेळते. पवित्रा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आणि मुख्याध्यापिकांनी तो फळ्यावर स्वतः लिहिला. अप्पांनी म्हटल्याप्रमाणे पवित्रा घरामागच्या कॉलेजात गेली. आता ती एका वाहतूक कंपनीत हिशेब बघते. पंचांच्या परीक्षेला ती बसली नाही. मी दोनदा विचारले, दोन्ही वेळा तिने विषय बदलला. दहावीच्या मुलींबद्दलचा नियम आजही आहे. तो चुकीचा आहे असे मला ठामपणे म्हणता येत नाही. त्या मनगट मोडलेल्या मुलीलाही मी ओळखत होते. दुसरा डाव मिसना देण्याची प्रथा मात्र त्या वर्षापासून मोडली. मुलींना जिंकण्याची गोडी लागली.

मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी पवित्राची गोष्ट सांगितली. शुक्रवारची. ती गोष्ट त्यांनी अनेक सभांत सांगितली आणि दर वेळी खरी सांगितली. शनिवारबद्दल त्यांना फारसे आठवत नव्हते.

त्या शनिवारी दुपारी मैदान रिकामे झाल्यावर शारदा मिस आणि मी जाळी उतरवत होतो. पवित्रा टोपी आणि शिट्टी परत द्यायला आली. शिट्टी तिने धुऊन आणली होती. शारदा मिस खांब उचलायला शिपायाला बोलवायला गेल्या, तेव्हा मी तिला मराठीत विचारले.

“खरंच लागला होता?”

“लागला मिस. इथं.” तिने खांद्याच्या खाली बोट ठेवले. “स्वल्प. गणिताच्या मिसना कळलंसुद्धा नाही.”

“आणि सोडून दिला असतास तर?”

ती जाळीची दोरी गुंडाळत होती. तिने गाठ नीट बसवली.

“मनात आलं होतं मिस,” ती म्हणाली. “तोवर शिट्टी वाजून गेली होती.”